धाकटीचे कागद

पडताळे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. आडनाव वेगळंच होतं आणि ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. पडताळे हे नाव बायकोने ठेवलं, लग्नानंतर दोनच महिन्यांनी, दुकानातून आणलेली साखर त्यांनी घरच्या तराजूवर पुन्हा तोलली तेव्हा. नाव इतकं चपखल बसलं की शेजाऱ्यांनी उचललं, मग मध नेणाऱ्या गिऱ्हाइकांनी उचललं, आणि शेवटी ते स्वतःच फोनवर 'पडताळे बोलतोय' म्हणायला लागले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्याबरोबर काही विकत घ्यायला जाणं ही शिक्षा होती.

आधी हा नुसता स्वभाव होता. बारा वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि चौथ्या दिवशी सकाळी दारात दोन पोलीस आणि व्हॅनचा खरा मालक असे तिघे उभे राहिले. कागद म्हणून जे पडताळ्यांनी कौतुकाने पुढे केलं, ते बघून पोलीस चक्क हसला. खरा मालक त्यांच्याच अंगणातून, त्यांनीच नवीन शिवून घेतलेल्या सीटवर बसून निघून गेला. तेव्हापासून स्वभावाचं व्यसन झालं. कोणी 'कागद अगदी क्लिअर आहेत' म्हणालं की पडताळे चष्मा पुसायला घ्यायचे.

आता त्यांना ट्रेलर हवा होता. मधमाश्यांच्या चाळीस पेट्या फुलांच्या रानात न्यायच्या, आणि फुलोरा सुरू व्हायला आठ दिवस. भाड्याच्या टेम्पोचा ड्रायव्हर मागच्या वर्षी एक माशी कानाशी आली म्हणून टेम्पो रस्त्यात सोडून पळाला होता. आपल्या गाडीच्या मागे आपला ट्रेलर असावा, एवढंच त्यांचं म्हणणं. लोखंडी सामानाच्या दुकानात चिठ्ठी लावलेली दिसली: दोन चाकांचा लहान ट्रेलर विकणे आहे. खाली फोन नंबर. 'कागद क्लिअर' असं लिहिलेलं नव्हतं. पडताळ्यांना त्यातल्या त्यात ते बरं वाटलं.

पत्ता एका दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्याचा निघाला. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, शेडच्या पाठीला चिकटून घर, आणि मध्ये अंगण. अंगणात भुश्याचे ढीग आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या, काचा न बसवलेल्या खिडक्या. काम बघणारी एक तिशीतली बाई होती. कानामागे सुतारी पेन्सिल, केसांत भुसा. तिने आल्या आल्या सांगून टाकलं की 'अहोजाहो' नको, बाबांच्या वयाचे आहात, आणि ट्रेलर मागे उभा आहे.

ट्रेलर दोन होते. एक मोठा, चार चाकांचा, आणि त्याच्या सावलीत एक लहान, दोन चाकांचा. "मोठीला आम्ही थोरली म्हणतो आणि हिला धाकटी," ती म्हणाली. विकायची होती ती धाकटी, कारण पावसात लाकूड भिजतं म्हणून आता बंद पेटीचा ट्रेलर घ्यायचा होता. नावं बाबांनी ठेवलेली. घरात दोन मुली, थोरली आणि धाकटी. थोरली लग्न करून लांब गेली, हट्टी होती, वळवायला जड. "आणि धाकटी मी. मुकाट्याने मागून येते, असं बाबांचं मत. ते चुकीचं आहे, पण मी कधी खोडलं नाही." एवढं बोलून ती हसली आणि पडताळ्यांना पोरगी आवडली.

आवडली म्हणून त्यांनी तपासणीत कसूर केली असं मात्र नाही. चाकं फिरवून बघितली, फळ्यांवर नाचून बघितलं, ओढायच्या दांड्याला लटकून बघितलं. मग खिशातून तारेचा ब्रश, रॉकेलची छोटी बाटली आणि पांढरा खडू काढला. दांड्याच्या उजव्या अंगाला चासी नंबर ठोकलेला होता. त्यांनी गुडघे टेकले, गंज घासला, त्यावर खडू आडवा फिरवला, आणि आकडे एकेक करून असे वर आले की पोरगी हातातलं काम ठेवून बघायला आली.

शिकणारं माणूस मिळालं की पडताळे फुलायचे. घरी कोणी ऐकून घेत नसे. त्यांनी तिला सगळं सांगितलं. आकडे आधी लोखंडावरून उतरवायचे, कागदावरून नाही, कारण कागद आधी बघितला की डोळ्यांना तेच दिसायला लागतं. आकड्याभोवतीचा रंग वेगळा दिसला तर तिथून उठायचं आणि थेट घरी जायचं. मग नोंदणीपुस्तकात मालक कोण, त्याच्या आधीचा कोण, आधीच्याने आपणहून सोडल्याची सही आहे का, ओळखीची खूण म्हणून जे लिहिलंय ते वस्तूवर सापडतं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विकणारा कागद वाचून दाखवायला लागला तर ऐकायचं नाही. स्वतःच्या हातात घ्यायचा, स्वतः वाचायचा. दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबलात की बुडालात. पोरीने हे सगळं मनापासून ऐकलं, कारण तिलाही पुढच्या आठवड्यात तो बंद पेटीचा ट्रेलर घ्यायचा होता. तिने चासी नंबर एका लाकडाच्या ढलपीवर पेन्सिलीने उतरवून घेतला. तासभर असा छान गेला.

मग कागद हवे झाले.

कागद बाबांच्या ताब्यात, आणि बाबा दातांच्या डॉक्टरकडे. अडुसष्टाव्या वर्षी अक्कलदाढ काढायला गेले होते, त्यावरून घरात चार दिवस चेष्टा चालू होती. पोरीने फोन लावला. पलीकडचं तोंड अर्धं बधिर होतं, त्यामुळे बोलण्याचा नुसता लगदा येत होता. तिने दोनदा विचारलं, हसली, आणि फोन ठेवून सांगितलं की आईच्या कपाटात, खालच्या खणात, 'धाकटी' लिहिलेलं पाकीट आहे. निदान तिला तरी तसं ऐकू आलं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, पण कपाट अजून आईचंच म्हणत असत.

ती आत गेली आणि बराच वेळ आली नाही. पडताळ्यांनी तेवढ्यात टायरच्या नक्षीची खोली काडीने मोजली. ती आली तेव्हा हाताला धूळ होती. खणात काहीच नव्हतं म्हणे. मग तिने खणच बाहेर ओढून काढला, तर तळाला अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्राखाली पाकीट सापडलं. "आईचं सगळं असंच. नाणी डाळीच्या डब्यात, किल्ल्या उशीत," ती म्हणाली. पाकीट पिवळं पडलेलं होतं आणि त्याला दोरा गुंडाळलेला होता. वर गोल, काळजीपूर्वक अक्षरात लिहिलं होतं: धाकटी.

"घ्या. स्वतःच्या हातात घ्या आणि स्वतः वाचा," पोरीने त्यांचीच शिकवण त्यांना ऐकवली, आणि ट्रेलरच्या मागच्या दिव्याची वायर सैल झाली होती ती बसवायला खाली वाकली.

पडताळ्यांनी चष्मा पुसला, दोरा सोडला, घडी उलगडली. पहिल्या पानावर न्यायालयाचा शिक्का होता. नोंदणी कार्यालयाचा असायला हवा, हे त्यांच्या सरावलेल्या नजरेने आधी टिपलं. वस्तू जप्त-बिप्त झाली होती की काय, म्हणून त्यांचे डोळे खालच्या ओळींवर गेले. तिथे लिहिलं होतं: मुलगी. वय अंदाजे अकरा आठवडे.

त्यांना काही कळेना. त्यांनी पान उलटून बघितलं, पुन्हा सुलटं केलं. मग दत्तक हा शब्द दिसला. मग घेणाऱ्या आई-वडिलांची नावं दिसली, आणि ती नावं पडताळ्यांनी तासाभरापूर्वीच वाचली होती, कारखान्याच्या दारावरच्या पाटीवर. वर्ष एकतीस वर्षांपूर्वीचं. कोपऱ्यात टाचणीने लावलेला एक एवढासा फोटो, त्यात टोपडं आणि त्या टोपड्यात एक चिडलेला चेहरा.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं त्यांचं झालं नाही. जमीन होती तिथेच होती. उलट सगळं फार स्पष्ट दिसायला लागलं, भुसा, खिळे, दांड्यावर चमकणारे ते खडूचे आकडे. इतकी वर्षं ते कागदात काहीतरी लपलेलं शोधत आले होते. आज ते सापडलं होतं आणि ते त्यांचं नव्हतं.

कागद मिटावा हे कळत होतं. पण डोळ्यांना सवय असते, ते पुढे धावलेच. ओळखीची खूण या शब्दांपुढे लिहिलं होतं: उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस तांबूस डाग, चवलीच्या नाण्याएवढा. आणि पडताळ्यांनी, देवाशपथ, मुद्दाम नाही, केवळ बारा वर्षांच्या व्यसनापायी, मान वर करून बघितलं. पोरगी वायर पिळत होती. बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. डाग तिथेच होता, आता रुपयाएवढा झालेला.

त्यांना स्वतःची शिसारी आली.

"काय, जुळतोय का?" तिने खालूनच विचारलं.

"जुळतोय," पडताळे म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा ते न ताडता 'जुळतोय' म्हणाले होते आणि ते त्यांना मुळीच जमलं नाही. आवाज भलतीकडूनच आला. त्यांनी पानं पाकिटात घालायला घेतली तर घडी उलटी बसली, कोपरा बाहेर राहिला. ती उठली, हात पुसले, खिशातून ती ढलपी काढली आणि म्हणाली की तुम्ही पुस्तकातला नंबर वाचा, मी इकडे ताडते, मलाही सवय होईल. पडताळे म्हणाले की गरज नाही, सगळं व्यवस्थित आहे, ट्रेलर पसंत आहे. तिने भुवया उंचावल्या. तासभर ज्या माणसाने टायरमध्ये काड्या घालून बघितल्या त्याला आता नंबर ताडायची गरज वाटत नव्हती. पडताळ्यांनी पाणी मागितलं. पाणी समोरच नळाला होतं, तिने ते दाखवलं. त्यांनी विचारलं की झेरॉक्स कुठे मिळेल. ती हसायची थांबली.

"काका, कागदात काही घोळ आहे का? असेल तर सांगा. आम्ही कोणाला फसवणारे नाही."

"घोळ नाही गं."

"मग द्या इकडे."

तिने हात पुढे केला. पडताळ्यांनी पाकीट सोडलं नाही. क्षणभर ते पाकीट दोघांच्या हातात होतं, आणि त्या क्षणात त्यांच्या मनात वाट्टेल ते येऊन गेलं. ओढून घ्यावं, पळत सुटावं, नळाखाली धरावं. शहाण्या माणसाने यातलं काहीही केलं असतं तरी चाललं असतं. पडताळ्यांनी जे करायला नको तेच केलं. ते म्हणाले, "बाबांना येऊ देत."

या तीन शब्दांनी सगळा घात केला. तिचा चेहरा एकदम बदलला. तिला वाटलं बाबांनीच काहीतरी लबाडी केली आहे, दुसऱ्याचा ट्रेलर, खोटी सही, असलं काहीतरी. तिने पाकीट हिसकलं नाही. नुसतं म्हणाली, "दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही, असं कोण म्हणालं मघाशी?" पडताळ्यांनी पाकीट सोडलं.

ती उभ्या उभ्या वाचायला लागली. पडताळे तिच्या तोंडाकडे बघायला धजले नाहीत. त्यांनी तिच्या बुटांकडे बघितलं. बूट हलले नाहीत. पहिलं पान उलटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. शेडमध्ये कुठलंसं यंत्र चालू राहिलं होतं, त्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग बूट दोन पावलं मागे गेले आणि ती ट्रेलरच्या कडेवर बसली. धाकटी तिच्या वजनाने एका अंगाला कलली.

पडताळ्यांनी शेवटी वर बघितलं तेव्हा ती उजवं मनगट डोळ्यांसमोर धरून बसली होती, घड्याळ बघतात तसं. रडत नव्हती. तोंड जरासं उघडं होतं आणि चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता, ओठांचासुद्धा.

"तुम्ही वाचलंत हे."

"हो."

"आणि जुळतोय म्हणालात."

पडताळ्यांनी तारेचा ब्रश उचलून खिशात घातला.

"काय जुळलं, काका?"

त्यांनी तिच्या मनगटाकडे बघितलं आणि मान खाली घातली. तेवढं पुरलं. त्यांना वाटलं आता ती आपल्याला हाकलून देईल, आणि दिलं असतं तर त्यांनी तिचे उपकार मानले असते. पण ती म्हणाली की थांबा, जाऊ नका. हे माझ्याआधी तुम्हाला कळलंय, आता शेवटपर्यंत थांबा. मग तिने पानं मांडीवर सारखी केली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली, या वेळी प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत. पडताळ्यांनीच तिला तसं वाचायला शिकवलं होतं.

बाबा आले ते रिक्षातून. उतरताना त्यांचा एक गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, आणि काखेत प्लास्टिकची पिशवी. दुरूनच त्यांनी पिशवी हलवून दाखवली. मग जवळ येत, अर्ध्या तोंडाने, खजील हसत सांगायला लागले की कागद माझ्याकडेच आहेत, सकाळी झेरॉक्स काढायला म्हणून घेतले होते, इंजेक्शनच्या गुंगीत डोक्यातूनच गेलं. पिशवीत एक नवं कोरं पाकीट होतं आणि त्यावरही लिहिलं होतं: धाकटी. अक्षर वेगळं, घाईचं, त्यांचं स्वतःचं.

मग त्यांना पोरीच्या मांडीवरची पानं दिसली.

पडताळ्यांनी माणसं दचकताना बघितली होती, घाबरताना बघितली होती. पण म्हाताऱ्याचं जे झालं ते वेगळं होतं. तो दचकला नाहीच. हातातली पिशवी हळूच खाली ठेवली, जणू आत काचेचं सामान आहे, आणि तिथेच उभा राहिला. शिक्षकांनी उभं केलेलं पोर उभं राहतं तसा.

"ताईला माहीत आहे?" पोरीने विचारलं. तिचा पहिला प्रश्न हा असेल असं पडताळ्यांना वाटलं नव्हतं.

बाबांनी होकारार्थी मान हलवली. थोरली तेव्हा आठ वर्षांची होती. पाळण्यावर टांगायला तिनेच रंगीत कागदाचे पक्षी केले होते. कोणाला सांगायचं नाही अशी तिला शपथ घातली होती.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून."

बाबा काहीतरी बोलले, पण जीभ वळत नव्हती आणि कापूस मध्ये येत होता. सांगायचंच होतं. आज सांगू, उद्या सांगू. आधी तू लहान होतीस, मग परीक्षा होत्या, मग आई आजारी पडली. पोरगी हे ऐकत होती की नाही कळायला मार्ग नव्हता. ती पानं मोजत होती. एक, दोन, चार, पाच. तिने पुन्हा मोजली. मग वर बघितलं, आणि तिचा आवाज एखाद्या परक्या, चिकित्सक गिऱ्हाइकाचा असावा तसा आला.

"पान तीन कुठे आहे?"

बाबांनी तोंडातून कापूस काढला. त्याला रक्त लागलं होतं. तो कुठे ठेवावा हे न सुचून त्यांनी मुठीत धरला.

"तिसरं पान परत करायचं होतं," ते म्हणाले.

"काय परत करायचं?"

"तुला."

पडताळ्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. म्हातारा सावकाश, एकेक शब्द जिभेने ढकलत बोलत होता. नव्वद दिवसांची मुदत होती. मूल घरात रुळलं नाही, आजारी निघालं, किंवा नुसतं नको वाटलं तरी, तिसरं पान भरून सही करायची आणि मूल संस्थेत परत नेऊन द्यायचं. परतीचं कारण लिहायला पानावर चार रेघा होत्या. पुढे दोन सह्यांची जागा.

"कागद घेऊन घरी आलो. तुझी आई तुला अंघोळ घालत होती. मी ते पान शेगडीत घातलं. सरकारी कागद होता, जाळायचा नसतो, मला माहीत होतं. पण घरात राहू द्यावंसं वाटलं नाही."

पोरीने खालचा ओठ दातांखाली धरला. पडताळ्यांच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. पान हरवलेला कागद त्यांनी जन्मात कधी मान्य केला नव्हता. हा एक त्यांनी डोळे झाकून मान्य केला असता. त्यांना वाटलं आता झालं, आता ती उठेल, बापाच्या गळ्यात पडेल, आणि आपण फाटकातून हळूच निघून जाऊ.

ती उठली नाही.

"आईला सांगितलं होतंत?"

"काय?"

"पान जाळलं म्हणून."

नाही, बाबा म्हणाले. ती चिडली असती. सरकारी कागद जाळला म्हणून आठ दिवस बोलली असती. काही दिवसांनी तिने विचारलं, की तिसरं पान कुठे गेलं. तर मी म्हटलं, ऑफिसातच राहिलं असेल. ती म्हणाली, जाऊन घेऊन या. मी म्हटलं, आणतो. मग विसरलो. तिनेही पुन्हा काढलं नाही.

"ती विसरली नव्हती," पोरगी म्हणाली. तिने ते पिवळं पाकीट उलटसुलट करून बघितलं. दोऱ्याचे जुने व्रण त्यावर कितीतरी होते, एकावर एक, वेगवेगळ्या जागी. "हे खणाच्या तळाशी, कागदाखाली होतं. मी लहान असताना हेच पाकीट एकदा गादीच्या खोळीत बघितलंय. एकदा पिठाच्या डब्यामागे. हात लावला तर आईने फटका मारला होता. मला तिने दुसऱ्या कशासाठी कधी मारलं नाही, बाबा." तिने श्वास घेतला. "ती माझ्यापासून लपवत नव्हती. तिला वाटायचं कागद अपुरे आहेत. पान नाही म्हणजे कोणीतरी येईल, कागद दाखवा म्हणेल, आणि मला घेऊन जाईल."

पडताळ्यांना आपल्या दारात उभे राहिलेले ते दोन पोलीस आठवले. चार दिवसांची व्हॅन होती ती. तिच्यासाठी त्यांनी बारा वर्षं झोप घालवली होती.

म्हातारा हलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललं होतं. सुजलेला गाल तसाच होता आणि दुसरा, चांगला गाल हळूहळू खचत गेला. त्याने ट्रेलरच्या कडेला हात टेकला.

"शेवटी शेवटी ती एकच म्हणायची," तो म्हणाला. "दवाखान्यात. धाकटीचे कागद पुरे करून घ्या. दिवसातून दहादा. धाकटीचे कागद पुरे करून घ्या, मी गेल्यावर कोणी बघणार नाही." त्याने पोरीकडे बघितलं नाही. "ट्रेलरच्या नोंदणीचं नूतनीकरण अडलं होतं तेव्हा. मला वाटलं, हिचं आपलं घरात लक्ष. मरताना पण संसार."

पोरीने तोंडावर हात ठेवला. तीही होती तिथे. तिनेही ते ऐकलं होतं.

"मी नोंदणी ऑफिसात दोन खेपा घातल्या," बाबा म्हणाले. "ट्रेलरच्या पुस्तकावर शिक्का मारून आणला. आणि कागद तिला नेऊन दाखवले. तिला डोळे उघडवत नव्हते, म्हणून वाचून दाखवले. पहिल्या पानापासून. म्हटलं, बघ, धाकटीचे कागद पुरे झाले. चासी नंबरसुद्धा वाचून दाखवला."

"आणि ती?"

"ती म्हणाली, बरं."